सेंटर कोणतं होतं?

हुशार पोरांचे किस्से नसतात, त्यांचे सत्कार असतात. शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो, संपलं! किस्से साठतात ते आमच्यासारख्यांकडे. मुद्दाम कोणी जमवत नाही. दिवाळीत आम्ही तिघं सेलूला भेटलो, चहा सांगितला, की एक निघतो, त्याचं बोट धरून दुसरा येतो आणि चहावाला शटर ओढायला लागला तरी तिसरा अर्धाच झालेला असतो.

तिघं म्हणजे मी, प्रज्वल आणि रोशन. मी आणि प्रज्वल एका वर्गातले. रोशन माझ्या शेजारचा, खरं तर आमच्याहून एक वर्ष पुढे. पण दहावीत गणितानं त्याला अडवून धरलं आणि तेवढ्यात आम्ही त्याला गाठलं. प्रज्वलच्या घरच्यांनी त्याचं नाव ठेवलं तेव्हा त्यांना पुढचं काही माहीत नव्हतं. शाळेतले एक सर हजेरी घेताना रोज म्हणायचे, "प्रज्वल, पेट रे बाबा कधीतरी!"

नववीत आम्ही कसेबसे वर ढकलले गेलो. दहावीत मला चव्वेचाळीस टक्के, प्रज्वलला एक्केचाळीस आणि रोशनला एकोणचाळीस. हे आकडे घेऊन आम्ही पुढे कॉलेजात शिरायला निघालो, त्याच्याच या गमती. मला आणि रोशनला कुठलंही कॉलेज चाललं असतं. दार उघडं दिसलं की आत शिरायचं, एवढंच आमचं धोरण! प्रज्वलचं मात्र तसं नव्हतं. त्याला बी.एस्सी. करायचं होतं, तेही गणितात. हो, गणितातच! ते खूळ त्याच्या डोक्यात कसं शिरलं, तेही सांगते.

*

दहावीचा निकाल लागला तेव्हा रोशनच्या घरी वेगळाच पेच पडला. दुसऱ्या खेपेला पास झालेल्या पोराचे पेढे वाटायचे, की घरातल्या घरात गुपचूप खायचे? आत चर्चा चालली होती. रोशन मात्र अंगणात खुर्ची टाकून ऐटीत बसला होता.

येणारा-जाणारा विचारायचा, "काय बे, किती पडले?"

"अर्धं डिस्टिंक्शन!"

"म्हंजे?"

"डिस्टिंक्शनले पंचाहत्तर लागते का नाई? त्याच्या अर्धे किती? साडेसदतीस! मले एकोणचाळीस हायेत. अर्ध्याच्या वरच आहो मी!"

गणितात एकदा नापास झालेल्या पोरानं आयुष्यातलं पहिलं बिनचूक गणित त्या दिवशी अंगणात बसून केलं. ते ऐकून त्याच्या आईनं पेढे मागवले. अर्धा किलो!

*

आमच्याकडे अकरावी सायन्सच्या जागा जास्त आणि पोरं कमी. तुकडी भरली नाही की शिक्षकांच्या नोकरीवर गदा येते. म्हणून निकाल लागला की सर लोक मोटरसायकलवर गावोगाव फिरतात. पोरगा सापडला की आधी त्याची टीसी मागतात. तो दाखला एकदा त्यांच्या बॅगेत गेला की पोरगा दुसऱ्या कॉलेजात पळू शकत नाही!

प्रज्वलच्या घरी एकाच सकाळी दोन कॉलेजांचे दोन-दोन सर येऊन धडकले. त्याचे बाबा, म्हणजे दिवाकरकाका, सेलू-वर्धा काळीपिवळी जीप चालवतात, सवाऱ्या भरून. ते गाडी काढायच्या घाईत होते. त्यांनी सवयीनं "सरका, सरका, अजून एक बसते" करत चारही सरांना एकाच पलंगावर बसवून टाकलं.

पहिल्या कॉलेजचे सर म्हणाले, "आमच्याकडे प्रयोगशाळा आहे."

दुसऱ्या कॉलेजचे सर म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेत सामानही आहे."

"आम्ही बसचा पास काढून देऊ."

"आम्ही गणवेशही देऊ."

दिवाकरकाका गोंधळले. "पन सर, याले गणितात छत्तीस हायेत. थो सायन्स कसं करन?"

"मार्कांचं सोडा हो काका, टीसी कुठे आहे?"

काकांनी आत बघून काकूंना हाक मारली, "चहा वाढव वं! याच्या बारशालेही एवढे पाव्हने नवते आले!"

शेवटी बाजी मारली ती सामानवाल्या प्रयोगशाळेनं. जाता जाता त्या सरांनी वाटेत माझी आणि रोशनचीही टीसी उचलली. मला सायन्स घ्यायचं आहे की नाही, हे मला कोणी विचारलंच नाही.

*

एवढी धावपळ करूनही अकरावीच्या वर्गात आम्ही जेमतेम दहा-बारा जण. उरलेले बाक दुसऱ्या वर्गात नेलेले. म्हणजे मागचा बाकच शिल्लक नव्हता! प्रज्वलचं सगळं शालेय आयुष्य ज्या बाकावर गेलं, तो बाकच नाहीसा झाला. बिचारा पहिल्या रांगेत, गणिताच्या भोयर सरांच्या अगदी नाकासमोर येऊन बसला.

सर एका टोकापासून प्रश्न विचारत जायचे. पोरं इतकी कमी की दर पाच मिनिटांनी आपली पाळी यायची. प्रज्वलचं उत्तर ठरलेलं, "येत नाई सर."

एक दिवस सर वैतागले नाहीत, खडू खाली ठेवून म्हणाले, "येत नाही ते कळलं. कुठपर्यंत येतं ते सांग."

प्रज्वलनं खूप वेळ विचार केला. मग म्हणाला, "सातवीपर्यंत."

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळा पुसला, सातवीतलं एक उदाहरण लिहिलं आणि म्हणाले, "चल, तिथून निघू."

त्या दिवसापासून रोज तासातली पहिली दहा मिनिटं प्रज्वलची. सातवीतून आठवीत, आठवीतून नववीत, असा तो आमच्या डोळ्यांदेखत चालत येत होता. कधी कधी तर मधल्या सुट्टीतही फळ्यापाशीच! मला आतून फार बरं वाटायचं, पण तोंडानं मी त्याला पुस्तकी किडाच म्हणायचे.

रोशनला मात्र हे सहन होईना. एकदा तो उठून उभा राहिला. "सर, हा वर्ग अकरावीचा हाय. तुमी त्याले आठवीचं शिकवून राह्यले. आमचं नुकसान होते ना!"

सर शांतपणे म्हणाले, "बरं. तुझं कुठपर्यंत येतं?"

रोशन खाली बसला. "चालू द्या सर, त्याचंच चालू द्या!"

*

बारावीच्या गणिताच्या पेपरला भरारी पथक आलं. पथकातल्या साहेबांनी वर्गभर नजर फिरवली आणि थेट प्रज्वलपाशी जाऊन उभे राहिले. त्याचा खिसा फुगलेला होता.

"काय आहे खिशात?"

प्रज्वलचं तोंड पांढरं पडलं. साहेबांनी स्वतःच हात घालून कागदाची एक घडी बाहेर काढली आणि टरकन् उघडली. आतली सगळी राख त्यांच्या शर्टावर!

"हे काय आहे?"

"अंगारा, सर. आईनं देल्ला."

साहेबांनी शर्ट झटकला. मग इकडे-तिकडे बघितलं. हळूच चिमूटभर राख स्वतःच्या कपाळाला लावली आणि पुटपुटले, "माझाही मुलगा बसलाय यंदा. लिही तू, लिही!"

*

बारावीचा निकाल लागला. मला एकसष्ट, रोशनला बावन्न आणि प्रज्वलला त्र्याऐंशी टक्के! त्यात गणितात चौऱ्याण्णव!

आमच्या भागात पोराला चांगले मार्क पडले की लोक आधी तोंडात पेढा टाकतात आणि पेढा गिळायच्या आत विचारतात, "सेंटर कोणतं होतं?" याचा सरळ अर्थ असा, की कॉपी चालणारं सेंटर होतं का. किराणावाल्यानं विचारलं, काळीपिवळीतल्या सवाऱ्यांनी विचारलं, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेल्या माणसानं आरशातून विचारलं. हद्द म्हणजे पुलगावहून प्रज्वलच्या मामीचा फोन आला, "अभिनंदन बेटा! सेंटर कोणतं होतं?"

रोशनला राग आला. प्रज्वलसाठी नाही, स्वतःसाठी! त्यानं सलूनमध्येच विचारलं, "माह्यं बी तेच सेंटर होतं. मले काऊन नाई विचारत कोनी?"

अर्धी दाढी म्हणाली, "तुह्ये बावन्न पाहूनच समजते, सेंटर कडक असन म्हून!"

*

यानंतरचं ऐकताना रोशनही गप्प बसतो, म्हणून हे पटकन सांगून टाकते. वर्ध्यातल्या एका कॉलेजात प्रज्वल अर्ज घेऊन गेला. मी सोबत होते. टेबलामागच्या सरांनी दहावीची मार्कशीट डावीकडे ठेवली, बारावीची उजवीकडे. केसांच्या तेलाच्या जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा फोटो ठेवतात, अगदी तशी. दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं.

"सेंटर कोणतं?"

प्रज्वलनं सांगितलं.

सर म्हणाले, "हं."

मग म्हणाले, "कळवतो." कळवलं कधीच नाही. त्या 'हं'मध्येच सगळं कळलं होतं!

बाहेर येऊन प्रज्वल नळावर पाणी प्यायला आणि तिथेच उभा राहिला. म्हणाला, "दहावीत छत्तीस पडले तवा कोनी नाई विचारलं, का खरे हायेत का म्हून. तवा सगळ्यायनं लगेच मानलं."

मला वाईट तर वाटलंच, पण त्याहून जास्त संताप आला. पोरगा दोन वर्षं सातवीपासून चालत आला होता आणि लोक विचारत होते गाडी कोणती पकडली! त्याचे मामा पुलगावला दुकानात बसायला बोलावतच होते. गणितात बी.एस्सी. असलेलं आता एकच कॉलेज उरलं होतं. तिथे झालं नाही, तर गणित सुटलं आणि मामाचं दुकान लागलं.

*

हे उरलेलं कॉलेजही वर्ध्याचंच, नावाजलेलं, आणि दहावी-बारावी दोन्हींची सरासरी बघणारं. सरासरीत आम्ही तिघंही यादीबाहेर! पण यादीनंतर ज्या जागा उरायच्या, त्या विचारपूस करून द्यायचे. आम्ही तिघांनीही अर्ज टाकला.

खिडकीवरच्या बाईंनी रोशनला थांबवलं. दहावीत नापास होऊन तो वर्षभर घरी बसला होता ना, त्या वर्षाचं गॅप सर्टिफिकेट आणा म्हणाल्या. म्हणजे त्या वर्षी आपण कुठे काय करत होतो, ते स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं. आम्ही गेलो कोर्टापाशी. तिथे झाडाखाली टाइप करून देणारे एक काका बसले होते. त्यांना हे रोजचंच.

त्यांनी टाइप केलेलं मोठ्यानं वाचलं, "'सदर कालावधीत मी कोणत्याही शाळेत अथवा महाविद्यालयात शिकत नव्हतो.' बरोबर आहे?"

रोशन म्हणाला, "बरोबर हाय काका. पन एवढ्याच कालावधीचं काऊन लिहून राह्यले? शाळेत जात होतो तवाबी शिकत नवतोच!"

काकांनी कागद ओढून काढला. "तेवढं सरकार विचारत नाही, बेटा!"

*

विचारपूस करणाऱ्यांसमोर दहावीच्या मार्कांबद्दल काय सांगायचं, यावर माझ्या घरी बैठक बसली. सगळ्या नातेवाइकांचं एकमत होतं, की आजार सांगायचा. फक्त आजार ठरत नव्हता! आत्या म्हणाली कावीळ. मावशी म्हणाली, "काविळीनं एवढे कमी नाई होत, टायफॉइड सांगजो." टायफॉइड पास झाला.

मी बी.ए.ला अर्ज केला होता. सायन्सचे आणि माझे सूर काही जुळले नाहीत. आत एक मॅडम बसल्या होत्या. मार्कशीट बघून म्हणाल्या, "दहावीत एवढे कमी का?"

"टायफॉइड झाला होता, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सकाळपासून सेलूची जी पोरगी येते तिला टायफॉइड! साथ होती का गावात?"

"हो मॅडम. खूप मोठी साथ होती."

"मग तुमच्या शाळेत जो पहिला आला, त्याला कसा नाही झाला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तो आमच्यात बसत नव्हता, मॅडम!"

मॅडम हसल्या आणि सही केली. रोशनचंही बी.कॉम.ला झालं. त्याच्या बाबतीत तर विचारायचं कोणाला सुचलंच नाही, कारण त्याचे मार्क पहिल्यापासून शेवटपर्यंत एकमेकांना धरून होते!

राहिला प्रज्वल.

*

त्याचा नंबर लागला तेव्हा गणिताच्या बी.एस्सी.ची एकच जागा उरली होती, आणि सायन्सची विचारपूस प्राचार्य स्वतः करत होते. पालक सोबत हवेत, असा नियम. दिवाकरकाका गाडी उभी ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या. तिथे कोणीच काढत नव्हतं. मी आणि रोशन पडद्याच्या फटीला डोळे लावून उभे.

प्रज्वलच्या नववी-दहावीत काकांना शाळेतून बोलावणं यायचं ते एकाच कामासाठी. टेबलामागे सर, टेबलावर मार्कशीट आणि समोर आपण, हा देखावा त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता.

प्राचार्यांनी दहावीची मार्कशीट बघितली. बारावीची बघितली. पुन्हा दहावीची. चेहरा कडक होत गेला. मग गणिताच्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी दोघांकडे बघितलं आणि आवाज चढवला.

"हे असे मार्क कसे काय पडले?"

प्रज्वलनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी काका खुर्चीतून उठले होते. हात जोडलेले.

"चुकलं साहेब."

प्राचार्य बघतच राहिले.

"लेकरू हाय. एक डाव माफी द्या. पुढच्या वक्ती असे मार्क नाई पडनार!"

रोशननं माझा हात इतक्या जोरात दाबला की मी ओरडणारच होते.

प्राचार्य जरा गोंधळून म्हणाले, "अहो, मी बारावीचं विचारतोय. गणितात चौऱ्याण्णव पडलेत याला."

"पडले ना साहेब, मी कुठी नाई म्हनतो? घरी गेल्यावर पाहतो मी त्याच्याकडं!"

प्रज्वल त्यांचा शर्ट ओढत होता. "बाबा! चौऱ्याण्णव! शंभरापैकी! बसा ना खाली!"

काका बसले नाहीत. हात जोडलेलेच.

प्राचार्यांनी चष्मा काढला. खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग डोळे पुसून त्यांनी घंटी वाजवली आणि आत आलेल्या क्लार्कला म्हणाले, "ती गणिताची जागा याला द्या." काकांकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही घरी गेल्यावर याला काहीही बोलू नका."

"तुमी म्हनता म्हून सोडतो, साहेब," काका म्हणाले.

बाहेर आल्यावर प्रज्वल रडत होता की हसत होता ते मला कळेना. "बाबा, चौऱ्याण्णवची कोनी माफी मागते का? चांगले मार्क होते ना थे!"

दिवाकरकाका खाली वाकून चपला घालत होते. वर न बघता म्हणाले, "कसेही असू दे ना बे. माफी मागाले काय जाते? भेटली का नाई सीट?"